ट्रिगर सोडला की मोटर जागेवर थांबली पाहिजे

एअरसॉफ्टची इलेक्ट्रिक गन, म्हणजे मोटरवर चालून प्लास्टिकच्या बारीक गोळ्या (बीबी) मारणारी खेळातली गन, सेमीवर (एका दाबाला एक शॉट) टाकून एक शॉट मारा आणि बीबी कुठे लागली ते न बघता नुसता कान द्या. आधी ट्रिगरचा बारीक कट, मग मोटरची घर्रर्र, मग पिस्टन आदळल्याचा ठक, आणि त्या ठकनंतर अजून काहीतरी ऐकू येतं, झुंईं करत विरत जाणारी एक शेपटी. मी कितीतरी दिवस त्या शेपटीकडे लक्षच दिलं नव्हतं, मला वाटायचं की मोटर आहे म्हणजे आवाज असणारच. पण नंतर ११.१ व्होल्टची लायपो (लिथियम पॉलिमर बॅटरी) लावली, थोडी हलकी स्प्रिंग टाकली, आणि सेमीवर एकदा ट्रिगर दाबला की कधी कधी दोन बीबी जायला लागल्या. तेव्हा कळलं की ही शेपटीच सगळ्या गडबडीचं मूळ आहे.

आत काय होतं ते आधी सांगतो, कारण ते डोळ्यासमोर आलं की पुढचं सर्किट आपोआप समजतं. साध्या गिअरबॉक्समध्ये एका शॉटसाठी मोटर साधारण १८ ते १९ वेळा फिरते, तेव्हा कुठे सेक्टर गिअरचा (पिस्टन ओढणाऱ्या शेवटच्या गिअरचा) एक फेरा पूर्ण होतो (१८.७२ हा रेशो तुम्ही ऐकला असेल, तो हाच). सेक्टर गिअरला अर्ध्याच भागावर दात असतात. दातांचा भाग पिस्टनला मागे ओढतो, दात संपले की पिस्टन सुटतो आणि स्प्रिंगच्या जोरावर पुढे आदळतो, त्याच हवेच्या झटक्याने बीबी सुटते, मग उरलेला अर्धा फेरा सेक्टर मोकळाच फिरतो, त्याच्यावर काही लोड नसतो. सेमीवर असताना सेक्टरवरचा उंचवटा कट-ऑफ लिव्हरला उचलतो, लिव्हर ट्रिगरचे कॉन्टॅक्ट तोडतो आणि मोटरची वीज बंद होते. वीज बंद झाली खरी, पण मोटर त्या क्षणी मिनिटाला वीस-पंचवीस हजार फेऱ्यांच्या वेगात असते आणि पुढे लोड नसलेला मोकळा टप्पा असतो, मग ती कशाला थांबेल. ती तशीच पुढे जाते, सेक्टरचे दात परत पिस्टनमध्ये अडकतात, स्प्रिंग थोडी दाबली जाते आणि कुठेतरी मध्येच जोर संपतो. अँटी-रिव्हर्सल लॅच गिअरला मागे येऊ देत नाही, त्यामुळे पिस्टन तसाच अर्धवट ओढलेला राहतो. बॅटरी जोरदार आणि स्प्रिंग हलकी असेल तर जोर मध्ये संपतच नाही, पूर्ण फेरा होतो आणि दुसरा शॉट सुटतो.

आता पुढचा शॉट. मागच्या वेळी पिस्टन अर्ध्यावर राहिला असेल तर फक्त उरलेलं अर्धं अंतर ओढायचं असतं, शॉट लवकर सुटतो. मागच्या वेळी मोकळ्या टप्प्यातच थांबला असेल तर सगळं अंतर ओढायचं असतं, शॉट उशिरा सुटतो. म्हणजे एकच गन, एकच बॅटरी, आणि ट्रिगर दाबल्यापासून ठक ऐकू येईपर्यंतचा वेळ दर शॉटला वेगळा. गेममध्ये भिंतीच्या आडून अर्धा सेकंद दिसणाऱ्या माणसावर शॉट मारायचा असतो तेव्हा बोटाला अंदाज लागतो तो या वेळेचा, आणि तो वेळच जागेवर राहत नसेल तर बोटाने काय करायचं.

यावरचा इलाज म्हणजे ब्रेक, ट्रिगर सुटताच मोटर जागेवर थांबवणारं सर्किट. पण मी सगळ्यांना हेच सांगतो की ब्रेक लावल्याने मोटर सुरू व्हायला फास्ट होत नाही. सुरू होण्याचा वेग बॅटरी, वायर, मोटर आणि मॉस्फेटचा (विजेनेच चालू-बंद होणाऱ्या इलेक्ट्रॉनिक स्विचचा) रेझिस्टन्स यावर ठरतो. ब्रेक फक्त एवढंच करतो की प्रत्येक शॉट एकाच जागेवरून सुरू होतो, आणि तेवढं झालं की मग तुम्ही बिनधास्त जोरदार बॅटरी आणि तगडी मोटर लावू शकता, डबल शॉटची भीती राहत नाही. रिस्पॉन्स सुधारतो तो या रस्त्याने.

मोटरला ब्रेक लागतो कसा ते हातात घेऊन बघायचं असेल तर एक प्रयोग करा, मी तरी ज्याला हे समजावतो त्याच्या हातात आधी मोटर देतो. गिअरबॉक्समधून काढलेली मोटर घ्या, टर्मिनल मोकळे ठेवा आणि पिनियन (शाफ्टवरचा छोटा गिअर) बोटाने फिरवा. मॅग्नेटमुळे थोडे थोडे झटके जाणवतील, पण फिरेल. आता जाड वायरच्या एका तुकड्याने दोन्ही टर्मिनल एकमेकांना जोडा आणि तसंच फिरवा. मोटर एकदम जड होते, जणू आत कोणी घट्ट ग्रीस भरलंय, आणि जेवढं जोरात फिरवायला जाल तेवढी ती जास्त अडते. कारण फिरणारी मोटर जनरेटर असते, ती स्वतः व्होल्टेज तयार करते, टर्मिनल शॉर्ट असले की त्या व्होल्टेजचा करंट तिच्याच वाइंडिंगमधून फिरतो आणि उलट्या दिशेने जोर लावतो. फिरण्याची सगळी एनर्जी वाइंडिंगमध्ये आणि ब्रशमध्ये उष्णता होऊन संपते. निओडिमियम मॅग्नेटच्या मोटरमध्ये हा फरक फार स्पष्ट जाणवतो, साध्या फेराइटच्या मोटरमध्ये कमी.

तर आपल्याला पाहिजे काय, तर ट्रिगर दाबला असताना मोटरला बॅटरी आणि ट्रिगर सोडला की मोटरचे दोन टोक एकमेकांना. बस एवढंच. हा आदलाबदलीचा स्विच दोन मॉस्फेटने होतो. मॉस्फेटला तीन पाय असतात, गेटवरच्या व्होल्टेजने ठरतं की सोर्स आणि ड्रेन हे दोन पाय आतून जोडले जातात की नाही.

पहिला एन-चॅनल, हा मोटर चालवतो. मी आयआरएलबी३०३४ वापरतो, ४० व्होल्टचा, लॉजिक लेव्हल गेटचा, चालू असताना रेझिस्टन्स दोन मिलिओहमच्या आत. सोर्स बॅटरीच्या निगेटिव्हला, ड्रेन मोटरच्या निगेटिव्हला, आणि मोटरचा पॉझिटिव्ह सरळ बॅटरीच्या पॉझिटिव्हला. नुसता हा एक मॉस्फेट लावला तरी खूप फरक पडतो. एरवी मोटरचा सगळा करंट, चालताना वीस-तीस अँपिअर आणि सुरू होतानाच्या क्षणी त्याहून बराच जास्त, ट्रिगरच्या त्या पितळी पट्ट्यांमधून जातो. प्रत्येक वेळी तिथे ठिणगी पडते, काळा थर जमतो, रेझिस्टन्स वाढतो आणि रिस्पॉन्स हळूहळू मरत जातो. टोकियो मारुईने १९९१ मध्ये फामास काढली तेव्हापासूनची ही कॉन्टॅक्टची पद्धत आहे आणि तेव्हाच्या बॅटऱ्यांना ती पुरत होती, आजची लायपो त्या पट्ट्या खाऊन टाकते. मॉस्फेट लावला की ट्रिगरमधून फक्त गेट चालू करण्यापुरता काही मिलिअँपिअरचा सिग्नल जातो.

दुसरा पी-चॅनल, हा ब्रेक. मी आयआरएफ४९०५ घेतला, ५५ व्होल्टचा, २० मिलिओहमचा. मोटरच्या वाइंडिंगचा रेझिस्टन्स याच्यापेक्षा बराच जास्त असतो त्यामुळे २० मिलिओहमने ब्रेक ढिला पडत नाही. सोर्स बॅटरीच्या पॉझिटिव्हला म्हणजेच मोटरच्या पॉझिटिव्हला, ड्रेन मोटरच्या निगेटिव्हला. म्हणजे हा मोटरला आडवा बसलाय, चालू झाला की मोटर शॉर्ट. आणि याचा एक फुकटचा फायदा मला फार आवडतो, मॉस्फेटच्या आत जो बॉडी डायोड असतो तो इथे बरोबर त्या दिशेला येतो की एन-चॅनल बंद होताना मोटरच्या वाइंडिंगने मारलेला व्होल्टेजचा झटका तो गिळतो. वेगळा फ्लायबॅक डायोड लावायची गरज पडत नाही.

आता कागदावर हे इतकं सुंदर दिसतं की मोह होतो. एन-चॅनलला चालू व्हायला गेट वर पाहिजे, पी-चॅनलला चालू व्हायला गेट खाली पाहिजे. मग दोन्ही गेट एकत्र जोडा, एका रेझिस्टरने निगेटिव्हला ओढा आणि ट्रिगरने पॉझिटिव्हला. दाबलं की एन चालू पी बंद, सोडलं की एन बंद पी चालू. तीन पार्ट. माझा पहिला बोर्ड असाच होता, १०० किलोओहमचा पुलडाउन लावला होता, टेबलावर ७.४ व्होल्टवर मोटर चालली, सोडल्यावर अशी थांबली की मी आनंदाने पन्नास वेळा तरी दाबून बघितलं असेल. मग बोर्ड गनमध्ये बसवला, ११.१ लावली, आणि एक मॅगझिनही संपलं नसेल तेवढ्यात ग्रिपजवळ तो वास आला, ज्याने कधी पार्ट जाळलाय त्याला तो वास विसरता येत नाही. नंतर ट्रिगर दाबला तर फ्यूज उडाला. उघडून मोजलं तर पी-चॅनल ड्रेन ते सोर्स पूर्ण शॉर्ट. फ्यूज नसता तर लायपो, दोन मॉस्फेट आणि जाड वायर असं सरळ शॉर्ट सर्किट माझ्या हातात होतं, हे मला आजही आठवलं की मी प्रत्येक गनमध्ये फ्यूज आहे का ते आधी बघतो.

का जळला ते शोधायला दोन संध्याकाळ गेल्या आणि त्या दोन संध्याकाळीत मी जेवढं शिकलो तेवढं आधी कधी शिकलो नव्हतो. मॉस्फेटचं गेट म्हणजे एक कपॅसिटर, छोटीशी टाकी समजा, ती भरायला आणि रिकामी व्हायला वेळ लागतो. आयआरएलबी३०३४ च्या गेटची कपॅसिटी साधारण १० नॅनोफॅरड आणि आयआरएफ४९०५ ची साडेतीनच्या आसपास. दोन्ही मिळून साडेतेरा, आणि रिकामं करायला १०० किलोओहम, म्हणजे टाइम कॉन्स्टंट (रिकामं व्हायच्या वेळेचं माप) १.३५ मिलिसेकंद. ट्रिगर सोडल्यावर गेट १२ व्होल्टवरून शून्याकडे या वेगाने रमतगमत येत होतं. आणि मध्ये ६ व्होल्टवर असताना? एन-चॅनलला दोन-अडीच व्होल्ट मिळाले तरी तो चालू, त्याला ६ मिळतायत, म्हणजे पूर्ण चालू. पी-चॅनलला सोर्सपेक्षा दोन ते चार व्होल्ट खाली गेलं की चालू, त्याला ६ खाली मिळतायत, म्हणजे तोही चालू. दोघं एकाच वेळी चालू म्हणजे बॅटरीचा पॉझिटिव्ह पी मधून, मग एन मधून, थेट निगेटिव्हला. वायर, कनेक्टर, बॅटरीचा आतला रेझिस्टन्स सगळं मिळून ५० मिलिओहम धरलं तर पूर्ण भरलेल्या लायपोचे १२.६ भागिले ०.०५ म्हणजे जास्तीत जास्त २५० अँपिअरपर्यंत. दर शॉटला. मिलिसेकंदभर. फ्यूज इतक्या कमी वेळात उडत नाही, त्याला तापायला वेळ लागतो, पण मॉस्फेटची बारीक चकती दर वेळी थोडी थोडी मरत जाते.

टेबलावर का चाललं तेही मग लक्षात आलं. ७.४ व्होल्टवर मधला टप्पा फक्त पावणेचार व्होल्टचा येतो, तिथे पी-चॅनल जेमतेम उघडतो.

उपाय म्हणजे दोघांमध्ये थोडा रिकामा वेळ ठेवायचा, एक पूर्ण बंद झाल्यावरच दुसऱ्याने चालू व्हायचं. मायक्रोकंट्रोलर लावला तर हे प्रोग्रॅमच्या दोन ओळीत होतं, पण मला साध्या पार्टमध्येच करायचं होतं. माझं म्हणणं असं की ग्रिपमध्ये किंवा स्टॉकमध्ये दणके खात बसणाऱ्या बोर्डवर जेवढे कमी पार्ट तेवढं चांगलं, आणि बिघडलं तर मल्टिमीटरने शोधता आलं पाहिजे. तर आता जे सर्किट मी वापरतो ते असं. ट्रिगरची सिग्नल वायर बोर्डवर येते तिथे २.२ किलोओहमचा पुलडाउन निगेटिव्हला. तिथूनच ४७० ओहममधून एन-चॅनलचं गेट. आणि तिथूनच एक साधा १एन४१४८ डायोड, अॅनोड सिग्नलकडे आणि कॅथोड पी-चॅनलच्या गेटकडे. पी-चॅनलच्या गेटला स्वतःचा वेगळा १०० किलोओहम निगेटिव्हला, आणि गेट ते सोर्स १० नॅनोफॅरडचा कपॅसिटर. झालं.

ट्रिगर दाबला की डायोडमधून पी-चॅनलचं गेट एका झटक्यात वर जातं, एन-चॅनलच्या वाटेत ४७० ओहम असल्यामुळे तो काही मायक्रोसेकंद मागे राहतो, म्हणजे आधी ब्रेक सुटतो मग मोटर चालू. डायोडमुळे पी-चॅनलचं गेट बॅटरीपेक्षा ०.७ व्होल्ट खाली राहतं, चालत नाही का, चालतं, त्याला उघडायला किमान दोन लागतात. ट्रिगर सोडला की एन-चॅनलचं गेट २.२ किलोओहममधून भराभर रिकामं होतं, माझ्या हिशोबाने एक दशांश मिलिसेकंदाच्या आसपास सगळं आटपतं, आणि पी-चॅनलचं गेट डायोड उलटा पडल्यामुळे या वाटेने जाऊच शकत नाही, त्याला १०० किलोओहमची वाट धरावी लागते आणि तो पाव-अर्ध्या मिलिसेकंदाने उघडायला लागतो. मध्ये जी फट उरते तीच आपली सुरक्षा. दुसरी गोष्ट अशी की कॉन्टॅक्ट जुळताना थरथरतात, जुळले सुटले जुळले असं होतं, त्या थरथरीतले बारीक खंड पी-चॅनलपर्यंत पोचतच नाहीत कारण भरायला झटकन आणि उतरायला सावकाश असा तो मार्ग आहे, त्यामुळे सुरुवातीलाच ब्रेक मध्ये घुसत नाही.

गन नुसती पडून असताना पी-चॅनल चालूच असतो, म्हणजे मोटर कायम ब्रेकमध्ये. बॅटरीतून मात्र काही जात नाही कारण गेटमधून करंट वाहत नाही आणि एन-चॅनल बंद आहे. तरीही बॅटरी काढून ठेवाच, ते या सर्किटसाठी नाही सांगत, लायपोसाठी सांगतोय.

बनवताना कुठे वेळ द्यायचा तर डाग देताना. मोटरचा करंट जाणारा रस्ता बोर्डच्या पातळ तांब्यातून नेऊ नका, मी मॉस्फेटच्या पायावरच १६ गेजची सिलिकॉन वायर सरळ डाग देऊन लावतो. जाड वायर उष्णता ओढून घेते, त्यामुळे छोट्या सोल्डरिंग आयर्नने डाग वरून चकचकीत दिसतो आणि आतून सुटा असतो. वायरच्या सगळ्या तारा आधी वेगळ्या कथलात भिजवून घ्यायच्या, पायालाही थोडं कथील चढवायचं, मग दोन्ही एकत्र आणून तापवायचं आणि कथील दोघांत मिसळून वाहताना दिसलं पाहिजे. थंड झाल्यावर वायर जोरात ओढून बघायची, सुटली तर आत्ताच सुटू दे. दोन्ही मॉस्फेटचे धातूचे पाठीमागचे भाग आतून ड्रेनला जोडलेले असतात, आणि इथे दोघांचे ड्रेन मोटरच्या निगेटिव्हलाच येतात, त्यामुळे ते पाठीला पाठ लावून चिकटवले तरी चालतात. जागा अर्धी होते. हे लक्षात आलं तेव्हा मला फार बरं वाटलं कारण बफर ट्यूबमध्ये (स्टॉकच्या आतल्या नळीत) बोर्ड बसतच नव्हता. बाकी कशाला मात्र ती पाठ टेकता कामा नये, वरून डबल हीटश्रिंक (तापवल्यावर आवळून बसणारी नळी).

गनमध्ये घालण्याआधीची टेस्ट चुकवू नका. बॅटरी आणि बोर्ड यांच्या मध्ये गाडीचा १२ व्होल्ट २१ वॅटचा बल्ब सिरीजमध्ये लावा आणि मोटर गिअरबॉक्सच्या बाहेर टेबलावर ठेवा. सगळं बरोबर असेल तर बॅटरी जोडल्यावर बल्ब विझलेला, ट्रिगरच्या दोन वायर टेकवल्या की बल्ब थोडा उजळतो आणि मोटर हळू फिरते, सोडल्या की मोटर थांबते आणि बल्ब विझतो. बॅटरी जोडताक्षणी बल्ब लागून मोटर फिरायला लागली तर एन-चॅनल गेलाय किंवा उलटा बसलाय. ट्रिगर टेकवल्यावर बल्ब लख्ख पेटला आणि मोटर जागची हलली नाही तर पी-चॅनल शॉर्ट आहे. बल्ब मध्ये असल्यामुळे चूक झाली तरी पहिला क्षणभराचा झटका सोडला तर करंट पावणेदोन अँपिअरच्या आसपासच राहतो, काही जळत नाही. नंतर बल्ब काढा, फ्यूज घाला आणि फ्यूज कायमचा राहू द्या. एक गोष्ट मनाशी पक्की धरा, मॉस्फेट मरतो तेव्हा बहुतेक वेळा शॉर्ट होऊन मरतो, म्हणजे एन-चॅनल गेला तर बॅटरी जोडल्याबरोबर एक तर चालू असलेल्या पी-चॅनलमधून शॉर्ट होऊन फ्यूज उडेल, नाहीतर (ब्रेक नसेल किंवा तो जळून तुटला असेल तर) गन स्वतःहून चालू होईल. त्यामुळे बॅटरी जोडताना मॅगझिन बाहेर, चेंबर रिकामं, नळी सुरक्षित दिशेला आणि डोळ्यांवर गॉगल, दर वेळी, घरात असलात तरी.

फरक मोजायला मी ऑसिलोस्कोपऐवजी फोनचा रेकॉर्डर वापरला, त्यासाठी महाग काही लागत नाही. फोन टेबलावर गनच्या शेजारी ठेवून दहा शॉट रेकॉर्ड करायचे आणि फाइल कुठल्याही ऑडिओ एडिटरमध्ये उघडून लाटा मोठ्या करून बघायच्या. ४८ किलोहर्ट्झला रेकॉर्ड केलं तर एका मिलिसेकंदाचे ४८ ठिपके मिळतात, ट्रिगरचा कट आणि पिस्टनचा ठक दोन्ही टोकदार उभे दिसतात, मधलं अंतर मोजलं की झालं. ब्रेक नसताना माझ्या दहा शॉटमध्ये सगळ्यात लवकरचा आणि सगळ्यात उशिराचा यांच्यात जवळपास दुपटीचा फरक होता. ब्रेक लावल्यावर दहाही शॉट एकावर एक ठेवल्यासारखे, थोड्या मिलिसेकंदांच्या आत. आणि ठकनंतरची ती शेपटी, जी आधी लांबलचक दिसायची, ती कात्रीने कापल्यासारखी तुटलेली. हेही सांगितलं पाहिजे की ब्रेकवाले दहाही शॉट आधीच्या सगळ्यात लवकरच्या शॉटपेक्षा थोडे उशिराच होते, कारण तो लवकरचा शॉट अर्धवट ओढलेल्या पिस्टनवरून आला होता. पण मग मी जास्त टॉर्कची मोटर लावली, जी मी आधी डबल शॉटच्या भीतीने लावत नव्हतो, आणि दहाच्या दहा शॉट त्या लवकरच्याही पुढे गेले.

एक अडचण मात्र येऊ शकते आणि ती आली की लोक बोर्डला दोष देऊन काढून टाकतात, म्हणून जरा सविस्तर. सेमीवर मारता मारता अचानक ट्रिगर मेल्यासारखा होतो, दाबा, काहीच नाही. फुल ऑटोवर टाकून एक झटका दिला की परत चालू. यात होतं असं की ब्रेक इतका लवकर लागला की सेक्टर गिअर कट-ऑफ लिव्हरला उचललेल्या अवस्थेतच थांबला. लिव्हर वर असेपर्यंत ट्रिगरचे कॉन्टॅक्ट जुळूच शकत नाहीत, आणि कॉन्टॅक्ट जुळल्याशिवाय सेक्टर पुढे सरकू शकत नाही. जड स्प्रिंग आणि कमी व्होल्टेज असलेल्या गनमध्ये हे जास्त दिसतं, तिथे मोटरकडे मुळातच वेग कमी असतो. इलाज त्याच १० नॅनोफॅरडच्या कपॅसिटरमध्ये आहे. तो बदलून १०० नॅनोफॅरड केला की ब्रेक दोनेक मिलिसेकंद उशिरा लागतो, आणि सेकंदाला २५ फेऱ्यांचा वेग धरला तर एका मिलिसेकंदात सेक्टर ९ अंश फिरतो, म्हणजे तो साधारण पंधरा-वीस अंश पुढे जाऊन थांबतो, लिव्हर सुटतो. एका कपॅसिटरने सेक्टरची थांबण्याची जागा सरकवता येते, हे मला या सगळ्या प्रकरणातलं सगळ्यात देखणं काम वाटतं. मी आता बोर्डवर तो कपॅसिटर मुद्दाम काठाला लावतो, म्हणजे हीटश्रिंक थोडं कापून बदलता येतो, आणि ४७ नॅनोफॅरडपासून सुरुवात करतो. फार वाढवूही नका, जितका मोठा कपॅसिटर तितका पी-चॅनल सावकाश उघडतो आणि अर्धवट उघड्या अवस्थेत जास्त तापतो.

ब्रेकची किंमत मोटर मोजते. ब्रेक लागताना सुरू होतानाएवढाच तगडा करंट ब्रशमधून उलटा जातो, त्यामुळे ब्रश लवकर झिजतात आणि मोटर जास्त गरम होते. सेमीवर भराभर मारत असाल तर मधेच ग्रिपच्या तळाला हात लावून बघत जा. साध्या ग्रेडचे निओडिमियम मॅग्नेट ८० अंशांच्या वर जायला लागले की कायमची ताकद गमावू शकतात, आणि मॅग्नेट कमजोर झाला की मोटरचा टॉर्कही गेला आणि ब्रेकही. हाताला चटका बसतोय म्हणजे थांबायची वेळ झाली. ब्रशची लांबी मी अधूनमधून बघतो, कम्युटेटरवर (ब्रश ज्याच्यावर घासतात त्या भागावर) काळा थर आला असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनरने कापसाच्या काडीने पुसतो. जे लोक फुल ऑटोवरच खेळतात त्यांना मी ब्रेक लावायला सांगतच नाही, त्यांच्यासाठी नुसता एन-चॅनल (आणि पी-चॅनल नसल्यामुळे मोटरला आडवा एक वेगळा फ्लायबॅक डायोड) पुरेसा आहे, उगाच मोटर का झिजवायची.

सध्या माझ्याकडे असे तीन बोर्ड तीन गनमध्ये आहेत. पहिल्यात १० नॅनोफॅरड चाललं, दुसरीत ४७, आणि तिसरीची स्प्रिंग जड असल्यामुळे तिला १०० लागलं. त्या त्या बॅटरीच्या वायरवर मी हा आकडा छोट्या चिठ्ठीवर लिहून चिकटवून ठेवलाय, म्हणजे स्प्रिंग बदलली की कुठला कपॅसिटर काढायचा ते शोधत बसावं लागत नाही.